मेल्याबिगर गळा काढू नये

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या साली आमच्या घराला हळू बोलायची सवय लागली. नानांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, आवाज बसला होता. समोरचा कुजबुजला की आपणही नकळत कुजबुजतो. तसं आई, मी, दुपारी ताक न्यायला येणारी शेजारची काशीमावशी, सगळ्याच नानांच्या खाटेजवळ आलो की आवाज खाली आणायचो. गोठ्यातली म्हैस तेवढी पूर्वीसारखी ओरडायची. आई तिच्यावर डोळे वटारायची, जणू तिलाही कळायला हवं होतं. आमचा मळा आळे गावाच्या बाहेर, वस्ती चार घरांची, त्यामुळे तसाही फार गलका नसायचा. पण ती शांतता वेगळी होती. भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

नाना शेतकरी होते, पण त्यांची खरी ओळख घाटावरची. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती ज्या चढावर होतात त्याला घाट म्हणतात. यात्रांचे दिवस आले की आळ्यापासून पार आंबेगावातल्या लोणीपर्यंत घाटावर माइक धरायला नानांना बोलावणं यायचं. वर मांडवात उभं राहून बारी, म्हणजे पाळी, कुणाची, बैल कुणाचे, कुठल्या गावचे हे सांगायचं, आणि गाडा सुटला की “झाली... झाली...” करत शेवटी असा लांब “भिर्रर्र” काढायचा की खाली उभ्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. घरी हाच माणूस मोजकं बोलायचा. आई म्हणायची, “सगळं घाटावर सांडून येत्यात, घरी आणाया काय उरतंय?” मधल्या बंदीनंतर आता पुन्हा घाट भरू लागलेत, भोंगेही मोठे आलेत. कुठल्या गावावरून जाताना तो पुकारा कानावर आला तर मी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगते. काय ऐकायचं असतं ते त्याला सांगत नाही.

आम्हाला वाटलं, घसा ताणलाय, उतरेल. मग काकांनी त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टर जे बोलले ते काकांनी आईला गोठ्याच्या मागं नेऊन सांगितलं आणि आईनं मला. नानांना सांगायचं नाही असं ठरलं. “सूज हाये, औषधानं उतरंल,” असं सगळ्यांनी म्हणायचं. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. नानांना भाकरी गिळवेना, तेव्हा आई हुलग्याचं माडगं पातळ करून, निववून, वाटीवाटीनं द्यायची. मासवडी त्यांचा जीव की प्राण. त्या वर्षी आईनं घरात बेसन शिजवलं नाही, वाससुद्धा नको म्हणून. आणि नाना प्रत्येक घोटाला मान डोलवून म्हणायचे, “उतारा पडतोय.” आम्हाला बरं वाटावं म्हणून ते म्हणत होते की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मळ्यातून आळेफाटा, तिथून नारायणगाव, मग जुन्नर, असा एसटीचा प्रवास. “पोरीला जुन्नरला कशाला धाडतो?” असं कुणी विचारलं की नाना म्हणायचे, “माझ्या माइकला वारस पायजे ना राव!” तो विनोद होता, पण मी नाटकात घेतले गेले तेव्हा ते फार खूश झाले. नाटक बसवायचे इनामदार सर. जुन्नरातलेच, घरी हिंदी बोलणारे आणि वर्गात आम्हाला मराठी शिकवणारे. त्यांनी स्वतः एकांकिका लिहिली होती. विहीर खणताना दरड कोसळून नवरा जातो, आणि शेवटच्या प्रवेशात त्याची बायको रडते. ती बायको मी. नाटक आधी कॉलेजच्या गॅदरिंगला आणि मग पुण्याच्या स्पर्धेला जाणार होतं.

मला वाटायचं मी छान रडते. तालमीला बसलेल्या मुलींचे डोळे भरायचे. सर मात्र पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. एके दिवशी ते म्हणाले, “सुमन, तू रेडिओवरच्या बाईसारखी रडतेस. तुमच्या मळ्यात अशी रडतात का?”

“नाही सर.”

“मग कशी?”

आमच्याकडं बायका गळा काढून रडतात. त्याला सूर असतो, हेल असतो, आणि गेलेल्याला हाका मारत त्याच्या आठवणी त्या सुरात ओवलेल्या असतात. मी भीत भीत एक ओळ काढून दाखवली. जुन्नर पेठेतल्या दोघी मुली फिस्सकन हसल्या. मी थांबले. सर त्यांना रागावले नाहीत. मला म्हणाले, “बघ, तू भीत केलंस म्हणून त्या हसल्या. अर्धं केलंस तर लोक नक्की हसणार. पूर्ण केलंस तरी कदाचित हसतील. पण मला तेच हवंय.”

सांगायला सोपं होतं. गळा काढणं हे गाणं नव्हे की घरात बसून म्हणावं. मेल्याबिगर गळा काढू नये, घरावर मरण येतं, असं आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि आमच्या घरात तर खाट पडलेली. मी लोणीला ठकूआत्याकडं गेले. ठकूआत्या नानांची थोरली बहीण. पंचक्रोशीत तिच्यासारखा हेल कुणाचा नव्हता. मयताच्या घरी ती वेशीपासून सूर धरत यायची आणि दारातल्या पुरुषांचेही डोळे गळायला लागायचे. मी तिला सगळं सांगितलं. ती कांद्याची पात निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, “माझा भाऊ खाटंवर हाये आन् मी सूर धरू? नाटकासाठी? तुला शिकवून शानी केली का येडी केली गं?” मग मला जेवायला वाढलं, वर डोक्यावरून हात फिरवला, आणि नाटकाचा विषय पुन्हा काढू दिला नाही.

तेव्हा मी दुसरी वाट काढली. आमच्या उसाच्या पलीकडं विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते चालू असलं की दहा पावलांवरचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नसे. दुपारी उसाला पाणी धरायच्या निमित्तानं मी तिथं गेले, इंजिन सुरू केलं आणि उसाकडं तोंड करून गळा काढला. पहिल्यांदा आवाज फुटेना. मग लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं आपोआप येऊ लागलं. भरल्या ताटावरून उठून गेलास रं, कुणाच्या हवाली केलंस रं. मला माझाच आवाज ओळखू येईना. इतकी रंगले की इंजिनातलं डिझेल संपून ते कधी बंद पडलं, मला कळलंच नाही.

शेजारच्या वावरात काशीमावशी कांदे काढत होती. नानांच्या मळ्यातून सुमनचा हेल ऐकू आला म्हणजे अर्थ एकच. “नाना गेलं गं!” म्हणून तिनं हंबरडा फोडला आणि घराकडं धावली. तिचा मुलगा बबन बांधावर होता. आमच्याकडं बहिणीला सांगावा सगळ्यात आधी जातो, तिनं तोंड बघितल्याशिवाय मयत उचलत नाहीत. बबननं आमच्या घरात डोकावूनही पाहिलं नाही. फटफटीला लाथ मारली आणि थेट लोणीचा रस्ता धरला.

मी घरी पोहोचले तर अंगणात डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, टोप्या हातात घेतलेले पुरुष, आणि मध्ये खाटेवर नाना, बशीत चहा ओतून निववत बसलेले. “काय झालं?” असं ते हातानंच विचारत होते. कुणीतरी म्हणालं, “साप निघाला व्हता, नाना, लई मोठा.” नाना म्हणाले, “मग टोप्या का काढल्या? सापाला रामराम घालाया?” सगळे हसले, जरा जास्तच हसले. काशीमावशीनं मला गोठ्यात ओढून नेलं आणि पाठीत धपाटा घातला. सगळं तिथंच मिटलं असतं. पण लोणीला गेलेल्या बबनला परत कोण बोलावणार? फोन कुठं होते तेव्हा! आईनं काकांना सडकेवर उभं केलं, ठकूआत्या दिसली की तिथंच थांबवायला. बबन तिला घेऊन आला तो मागच्या पाणंदीनं, जवळ पडतं म्हणून.

उन्हं कलली होती. आधी फटफटी थांबल्याचा आवाज आला, मग उसाच्या कडेनं तो सूर. ठकूआत्या रडत येत होती. आई उठून धावली, पण सूर तिच्या आधी अंगणात पोहोचला. “माझ्या पाठच्या रं... घाट तुझ्याबिगर मुका झाला रं... त्या मेल्या कॅन्सरनं माझा वाघ खाल्ला रं...” रडण्यात बाई काही लपवत नाही, तिथं सगळं सांगायचंच असतं. जो शब्द आम्ही इतके महिने गिळत होतो तो तिनं आख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा उच्चारला, आणि मग ती अंगणात आली आणि तिनं भावाला बशी हातात घेऊन बसलेलं पाहिलं.

नानांनी बशी हळूच खाली ठेवली. घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले, “ये ठके. कोण गेलं?”

ठकूआत्यानं त्यांच्या खांद्यावर बुक्क्या मारल्या, त्यांना मिठी मारली, शिव्या दिल्या. ते तिची पाठ थोपटत राहिले. पण त्यांची नजर आईवर होती आणि आईची जमिनीवर. त्या दिवसानंतर “उतारा पडतोय” हे ते कधी म्हणाले नाहीत.

आई मला फार बोलली नाही. “नाटक बंद,” एवढंच म्हणाली. मलाही करायचं नव्हतं. मी सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “घरी राहा बेटा. वडलांजवळ बस.” पुढं काही दिवस नाना भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. माडग्याची वाटी भरलेली परत यायची. नव्या सुनेनं घासावीत तशी आई ती भांडी आवाज न करता घासायची, आणि मी पुस्तक उघडून एकाच पानावर बसायचे.

एका सकाळी आई डेअरीवर म्हशीचं दूध घालायला गेली होती. नानांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. “त्या दिशी उसात काय म्हनत व्हतीस, ते म्हण.”

“नाना, नको.”

“मी गेल्यावर सगळ्या म्हनतील. मला ऐकाया येनार हाये का तवा? म्हण.”

मी म्हटलं. हळू आवाजात, त्यांच्या खाटेच्या पायाशी बसून, डोळे मिटून. संपल्यावर डोळे उघडले तर ते हसत होते. “हे ठकीचं हाये. सूर बेस. पण ह्यात मेला कोण? वाघ मेला, राजा मेला. मानूस कुठं हाये?” त्यांना धाप लागली. पाणी प्यायले. “त्या बाईचा नवरा तिच्यावर कधी चिडला न्हवता का? त्यानं कधी लबाडी केली न्हाई का? नुसतं गुन गाऊन बाई रडती व्हय? शिव्या घाल त्याला.”

“मेलेल्याला शिव्या?”

“तुझी आई मला जन्मभर ‘अवं’ म्हनत आली. ‘अरे’ म्हनायची मुभा बायकूला एकदाच, नवरा मेल्यावर. मग तवाच सगळं बोलून घ्यावं का न्हाई तिनं?”

मग रोज सकाळी, आई दूध घालायला गेली की, ते मला एकेक ओळ द्यायचे. कुजबुजत, खोकत, मधेच हसत. “बैलांना आधी पानी दावलंस, माझा हंडा कोरडा रं.” “चारचौघांत लई बोललास, माझ्यासंगं मुका रं.” आणि एक ओळ देताना ते थांबले, खाटेची सुंभं बोटानं चाचपत राहिले, मग म्हणाले, “ही बी घाल. जत्रंतनं बांगड्या आनतो म्हनलास, बैलाला घुंगरं आनलीस रं.” मी विचारलं, “हे खरंय?” ते म्हणाले, “खरं असल्याबिगर देतोय व्हय?” एवढ्या गोष्टी ते माझ्याशी आधी कधीच बोलले नव्हते. मी कॉलेजात अनेक विषय शिकले, पदवी घेतली, पुढं शाळेत शिकवलंही. पण खाटेच्या पायाशी बसून जे शिकले त्याला कुठला विषय म्हणायचा, मला माहीत नाही.

नानांनीच आईकडून परवानगी मिळवली. कशी, ते मला कळलं नाही. गॅदरिंगच्या दिवशी मफलर गुंडाळून ते काकांच्या आधारानं जुन्नरला आले आणि पुढच्या रांगेत बसले. आई आली नाही. सरांनी नवीन ओळी तालमीत ऐकल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा रंग उतरला होता. “लोक हसतील, सुमन. शेवटच्या प्रवेशात हसले तर नाटक गेलं.” मी म्हटलं, “सर, पूर्ण करते.” ते म्हणाले, “कर.”

लोक हसले. घुंगरांच्या ओळीला सगळं सभागृह खदखदलं, मागून एक शिट्टीही आली. सूर सोडून सरळ रडावं, जुनं रेडिओवालं रडावं, म्हणजे वाचेन, असं वाटलं. समोर नाना बसले होते. त्यांनी हात किंचित वर केला, घाटावर गाडा येताना करायचे तसा: थांबू नको. मी सूर ओढला आणि त्याच नवऱ्याला पुढची शिवी घातली. तिला कमी लोक हसले. त्याच्या पुढचीला कुणीच हसलं नाही. नंतर इतका वेळ एवढी शांतता होती की पडदा ओढणाऱ्या पोराला दोर ओढायचं भान राहिलं नाही. परत येताना जीपमध्ये नानांनी माझा हात हातात ठेवला होता. नारायणगाव गेल्यावर म्हणाले, “हसू दिलंस त्यांना. बेस केलंस.” स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांना ते रडणं भडक वाटलं. मला त्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही, कारण तोवर नानांना पाणीही जाईनासं झालं होतं.

ते गेले तेव्हा ऊस तुऱ्यावर होता. ठकूआत्या वेशीपासून सूर धरून आली. या वेळी तिला कुणी अडवायचं नव्हतं. अंगण भरलं. नानांना मध्ये निजवलेलं, आई उशाशी भिंतीला टेकून, कोरड्या डोळ्यांनी. आई गळा काढणारी बाई नव्हतीच. तिचं रडणं आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. ठकूआत्या थकून थांबली आणि सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. लेकीनं रडायचं असतं. मी तोंड उघडलं आणि आल्या त्या नाटकातल्या ओळी. हंडा कोरडा रं. दोन ओळी म्हटल्या आणि माझी मलाच शिसारी आली. या बायकोच्या ओळी होत्या, लेकीच्या नव्हत्या. लेकीनं बापाला काय म्हणायचं हे मी शिकलेच नव्हते. शिवाय माझा मलाच सूर ऐकू येत होता: कुठं ओढायचा, कुठं थांबायचं. मी गप्प झाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, “टेजवर लई रडली म्हनं. आता वाचा गेली.”

तेव्हा उशाकडून आवाज आला. बारीक, चिरका, सुरात नसलेला. “जत्रंतनं बांगड्या आनतो म्हनलास...” मी वर पाहिलं. आई नानांच्या तोंडावर वाकली होती. “बैलाला घुंगरं आनलीस रं.” आम्ही म्हणत असू तेव्हा ती दूध घालून लवकर परत येत असे आणि कुडामागं उभी राहत असे, हे मला त्या क्षणी कळलं. टोप्या काढून उभ्या असलेल्या पुरुषांत नानांच्या घाटावरचे जोडीदार गेनूभाऊ होते. ते एकदम हसले. मयताच्या अंगणात, मोठ्यानं. “खरंय वहिनी, मी व्हतो संगं घुंगरं घेताना,” म्हणाले, आणि तोंडावर उपरणं धरून खालीच बसले.

आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती पुढची ओळ म्हणाली, मग तिच्या पुढची. खाटेच्या पायाशी बसून मी पाठ केलेल्या सगळ्या ओळी संपल्या. आई थांबली नाही. “रं” म्हणत, एकेक आठवत, ती पुढं बोलत राहिली: आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं असं, नानांनाही कधी सांगितलं नसेल असं. खांदा द्यायला पुरुष ताटी घेऊन उभे होते. काकांनी त्यांना हातानं थांबवलं, आणि तिचं बोलून होईपर्यंत कुणी पुढं झालं नाही.